चांगुलपणा कुणी बघावा?

येशूचं डोंगरावरचं प्रवचन बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या ते सातव्या अध्यायात आहे. पाचव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कर्मं पाहतील आणि तुमच्या स्वर्गातल्या पित्याचं गौरव करतील. दिवा लावून तो कुणी मापाखाली झाकून ठेवत नाही, असंही तो म्हणतो. पान उलटलं की सहावा अध्याय लागतो आणि तिथं पहिल्याच वाक्यात उलटं ऐकू येतं: लोकांनी पाहावं म्हणून त्यांच्यासमोर धर्माचरण करू नका. दान करताना उजवा हात काय करतोय ते डाव्या हाताला कळू नये. प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घ्या. उपास असेल तर तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे उपास आहे हे कुणाच्या लक्षात यायला नको.

एकाच प्रवचनात ‘दाखवा’ही आहे आणि ‘लपवा’ही. मग विश्वासणाऱ्यानं करायचं काय?

प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे, पण आजच्याइतका तो रोजचा कधीच नव्हता. फेसबुकवर ‘लाइक’चं बटण २००९च्या फेब्रुवारीत आलं आणि २०१०च्या ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्राम सुरू झालं. आज प्रार्थनासभा, उपास, रक्तदान, आजारी माणसाची भेट, बायबलचं पान आणि शेजारी कॉफीचा कप, सगळं काही क्षणांत शेकडो लोकांपुढे जातं. दिखावा त्याआधीही होताच. येशूनं कर्णा वाजवून दान करणाऱ्यांचा उल्लेख केलाय तो उगाच नाही. फरक इतकाच पडला की कौतुक आता आकड्यांत मोजता येतं, आणि जे मोजता येतं ते वाढवावंसं वाटतं.

ख्रिस्ती परंपरेनं या एका दुर्गुणावर भरपूर विचार केलाय. येशूचा संदेश पसरवणारा प्रेषित पौल फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना पत्रात लिहितो, पोकळ डौल मिरवण्याच्या बुद्धीनं काहीही करू नका. याच पोकळ डौलाची, म्हणजे लोकांनी वाहवा करावी या हव्यासाची, ही गोष्ट. सात मोठ्या पापांची जी यादी लोकांना तोंडपाठ असते, तिच्यात तो आज सापडत नाही. पूर्वी होता. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोर ग्रेगरींनी गर्वाला सगळ्या दुर्गुणांचं मूळ मानून बाजूला काढलं आणि त्याच्याखाली सात दुर्गुण मांडले, त्यात पहिलाच हा होता. पुढच्या शतकांत तो गर्वातच विरघळला आणि वेगळा ओळखू येईनासा झाला. माझ्या मते हे मोठं नुकसान झालं. गर्विष्ठ माणसाला लोकांची पर्वा नसते. पोकळ डौल असलेला माणूस लोकांवरच जगतो. दोन्ही आजार वेगळे, म्हणून औषधंही वेगळी.

वाळवंटात कोण बघत होतं?

या दुखण्याचं सगळ्यात बारीक निरीक्षण झालं ते इजिप्तच्या वाळवंटात, चौथ्या शतकात, आणि तेही जिथं बघायला जवळपास कुणी नव्हतं अशा ठिकाणी. पोंतसचे इव्हाग्रिअस हे कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाव कमावलेले विद्वान डीकन, म्हणजे याजकाच्या हाताखालचे चर्चचे सेवक. सगळं सोडून ते इजिप्तला आले आणि ३९९ साली मरेपर्यंत तिथल्या संन्याशांमध्ये राहिले. माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी त्यांनी केली: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, मनाची मरगळ, पोकळ डौल आणि गर्व.

सातव्या विचाराबद्दल ते जे लिहितात ते वाचताना अंगावर काटा येतो. हा विचार फार सूक्ष्म असतो आणि चांगलं वागणाऱ्यांनाच सहज गाठतो, असं ते म्हणतात. एकटा बसलेला साधू मनात चित्र रंगवू लागतो: भुतं ओरडत पळताहेत, आजारी बाया बऱ्या होताहेत, लोकांची झुंबड उडालीय, जो तो आपल्या झग्याला हात लावायला धडपडतोय. मग आपल्याला याजकपद मिळणार असं त्याला वाटायला लागतं. लोक दार ठोठावताहेत, आपण ‘नको, नको’ म्हणतोय आणि ते आपल्याला बांधून घेऊन चाललेत, इथपर्यंत चित्र जातं. या स्वप्नात साधू नम्रसुद्धा आहे! पद नाकारण्याचा मानही त्यानं स्वतःला देऊन टाकलाय.

इव्हाग्रिअस आणखी एक गोष्ट नोंदवतात. बाकीचे दुष्ट विचार हरले की हा विचार पुढे येतो आणि साधूला त्याच्याच सद्गुणांची लांबलचक यादी वाचून दाखवतो. म्हणजे इतर दुर्गुणांना आपली कमजोरी लागते, याला आपला विजय लागतो. चांगुलपणा हेच याचं खाद्य.

त्यांच्या विचारांचा वारसा पुढे नेणारे योहान कॅसिअन एक प्रसंग सांगतात. एक वडीलधारे साधू एका तरुण भावाच्या खोपटाशी आले. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. शास्त्रवाचन चाललं असेल, असं समजून ते दाराशी थांबले. कान देऊन ऐकलं तर काय, हा एकटाच आत बसून जमलेल्या मंडळीपुढे उपदेश करत होता! उपदेश संपला, मग त्यानं डीकनची भूमिका घेतली आणि बाप्तिस्मा न झालेल्या उमेदवारांना उपदेशानंतर बाहेर पाठवायच्या रीतीप्रमाणे निरोपही देऊन टाकला. तेव्हा म्हाताऱ्यांनी दार वाजवलं. तरुण गडबडीनं बाहेर आला, पाया पडला आणि विचारलं, बराच वेळ झाला का येऊन? म्हातारे म्हणाले, नाही रे, तू उमेदवारांना निरोप देत होतास ना, तेव्हाच आलो.

त्या खोपटात कॅमेरा नव्हता आणि समोर माणूसही नव्हतं. तरी गर्दी होती, त्याच्या डोक्यात. म्हणून ‘मोबाइलनं माणसं बिघडवली’ हे अर्धंच खरं आहे. मोबाइलनं आपल्या डोक्यातल्या गर्दीला आकडा दिला, चेहरे दिले, चोवीस तास उघडं राहणारं दार दिलं. ती गर्दी आधीच आत बसलेली होती. सोशल मीडिया सोडला म्हणजे सुटलो, असं म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावं की तो सोडल्याचं आपण किती जणांना सांगितलं.

सातव्या शतकात सिनाईच्या डोंगराच्या पायथ्याच्या मठाचे प्रमुख असलेल्या योहान क्लिमाकस यांनी पोकळ डौल सराट्याच्या काट्यासारखा असतो असं म्हटलंय. कसाही टाका, एक टोक वर राहतंच. उपास केला तर उपासाचा डौल. लोकांना कळू नये म्हणून उपास मोडला, तर आपल्या शहाणपणाचा डौल. चांगले कपडे घातले तरी तो आहे, फाटके घातले तरी आहे. बोललो तरी हरलो, गप्प बसलो तरी हरलो. इन्स्टाग्रामनं २०१९ मध्ये लाइकचे आकडे लपवून पाहायला सुरुवात केली आणि २०२१च्या मे महिन्यात ते लपवायची सोय सगळ्यांना दिली. सोय चांगलीच आहे, पण क्लिमाकस यांना तिचं फारसं अप्रूप वाटलं नसतं.

कौतुक आवडणं हे पाप आहे का?

नाही. इथं तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांचं विवेचन फार उपयोगी पडतं, कारण ते माणसाला उगाच झोडपत नाहीत. चांगली गोष्ट दिसावी, ओळखली जावी, तिचं कौतुक व्हावं ही इच्छा मुळात वाईट नाही, असं ते मानतात. कौतुक पोकळ होतं ते तीन प्रकारे. ज्यासाठी ते हवंय ती गोष्टच नसते किंवा कौतुकाच्या लायकीची नसते. किंवा ज्यांच्याकडून हवंय त्यांना त्यातलं काही कळत नसतं. किंवा ते कौतुक देवाच्या गौरवासाठी वा शेजाऱ्याच्या भल्यासाठी न वापरता माणूस त्यावरच थांबतो. आचाऱ्याला स्वयंपाकातलं कळणाऱ्यानं ‘छान झालंय’ म्हटलं तर त्यानं मान खाली घालून कसंनुसं व्हायचं कारण नाही. अनोळखी हजारांनी न चाखताच वाहवा केली आणि तो त्यासाठीच जगू लागला, तर घोटाळा आहे.

अक्वायनस पुढे या दुर्गुणाची पिल्लंही सांगतात: अवज्ञा, बढाई, ढोंग, भांडण, हट्ट, फूट आणि सतत काहीतरी नवं दाखवण्याची हाव. ही यादी तेराव्या शतकातली आहे हे विसरून वाचा, आजच्या कुठल्याही चावडीचं वर्णन वाटेल. बढाई आणि ढोंग समजतात. पण भांडण आणि हट्ट यात कसे? अक्वायनस यांचं उत्तर असं: ज्याला आपलं श्रेष्ठत्व दाखवायचंय, त्याला आपण दुसऱ्यापेक्षा कमी ठरणं सोसत नाही. म्हणून तो आपलं मत सोडत नाही, दुसऱ्याच्या इच्छेशी जुळवून घेत नाही आणि आवाज चढवून वाद घालतो.

सार्वजनिक वाद इतके कडवट का होतात, याचं याहून नेमकं स्पष्टीकरण मी वाचलेलं नाही. दोन माणसं बंद खोलीत वाद घालत असतील तर त्यातला एक जण म्हणू शकतो, ‘हं, तुझं बरोबर आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.’ तोच वाद पाचशे जण बघत असतील तर ते वाक्य घशातून बाहेर पडत नाही. सत्य शोधायला बसलेली माणसं प्रेक्षक आले की इभ्रत सांभाळायला लागतात. श्रद्धेवरचे वाद तर बघायलाच नको. देवाची बाजू मांडतोय असं म्हणत आपण स्वतःचीच बाजू लढवत असतो, आणि समोरच्याचं मन वळावं ही इच्छा कधी मेली ते कळतही नाही.

मदतवाटपाचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. मधोमध पिशवी. देणाऱ्याचा हात पिशवीवर, घेणाऱ्या बाईचाही. एव्हाना पिशवी देऊन झाली असती, पण फोटो निघेपर्यंत दोघांना ती धरून थांबावं लागतं. देणारा कॅमेऱ्याकडे बघतोय, ती खाली बघतेय. तिला गरज आहे म्हणून ती थांबलीय. नको म्हणायची सोय तिला नाही. तेवढ्या वेळात पिशवी तिच्याकडे जाते आणि तिचा चेहरा देणाऱ्याच्या खात्यात जमा होतो. तिनंही काहीतरी दिलं, तिला न विचारता घेतलं गेलं. पोकळ डौल हे फक्त मनातलं खासगी पाप आहे, त्यानं कुणाचं बिघडत नाही, असं म्हणणाऱ्यानं त्या बाईची नजर बघावी.

अशा दान करणाऱ्यांबद्दल येशू म्हणतो, ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत. यात शाप नाही, व्यवहार सांगितलाय: त्यांना दिसायचं होतं, ते दिसले, हिशेब मिटला. संत ऑगस्टीन हेच वाक्य रोमच्या जुन्या वीरांना लावतात. त्यांनी कीर्तीसाठी अपार कष्ट सोसले, स्वतःच्या सुखावर पाणी सोडलं. कीर्ती त्यांना मिळाली, आता देवाकडे तक्रारीला जागा नाही. ऑगस्टीन त्या वीरांना तुच्छ लेखत नाहीत हे मला महत्त्वाचं वाटतं. कीर्तीच्या ओढीनं माणूस बरंच चांगलं करू शकतो. फक्त ते चांगुलपण प्रेक्षकांवर उभं असतं, आणि प्रेक्षक उठून गेले की त्याच्या पायाखाली काही उरत नाही. चारित्र्याची परीक्षा तिथं होते.

पण आपण नक्की कशासाठी करतोय हे ओळखायचं कसं? ऑगस्टीन यांनी साधारण ४०० सालच्या सुमारास आपल्या आत्मकथनात याची कबुली मोठ्या कळवळ्यानं दिलीय. खाण्याचा मोह किती आहे ते उपाशी राहून तपासता येतं, पैशाचा मोह पैसा सोडून. स्तुतीचा मोह कसा तपासणार? कुणी स्तुतीच करू नये म्हणून मुद्दाम वाईट वागायचं का? तो तर वेडेपणा. आणि स्तुतीचा तिटकारा करण्यातही माणूस डौल मिरवतो, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे बिशप असलेल्या ऑगस्टीन यांना उत्तर सापडलं नाही. ते देवापुढे सगळं उघडं करतात आणि दया मागतात.

लपवायचं कुणापासून?

सुरुवातीच्या कोड्याची उकल मला सगळ्यात चांगली मिळाली ती डीट्रिख बोनहोफर यांच्याकडे. नाझी राजवटीला विरोध करणारे हे जर्मन पाळक. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिलं गेलं. त्याआधी १९३७ साली शिष्यत्वावर लिहिताना त्यांनी विचारलं होतं: चांगलं काम लपवायचं, पण कुणापासून? लोकांपासून नव्हे, कारण लोकांना तर प्रकाश दिसायलाच हवा. लपवायचं ते स्वतःपासून. डाव्या हाताला कळू नये याचा अर्थ हाच. शिष्यानं येशूकडे बघत चालावं. आपण किती छान चालतोय हे बघायला तो वळला की चालणं बिघडलं.

या दृष्टीनं मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग वाचा. राजा नीतिमानांना म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलंत, तुरुंगात होतो तेव्हा भेटायला आलात. ते गोंधळून विचारतात, प्रभो, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? त्यांना आठवतच नाही. आपल्या सत्कर्मांची नोंद त्यांच्याकडे नाही, ती राजाकडे आहे. उलट लूकच्या शुभवर्तमानातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून आपली नोंदवही वाचतो: आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दशांश. तो खोटं बोलत नाही, हे लक्षात घ्या. खरंच तो उपास करत असणार. पण नीतिमान ठरून घरी जातो तो त्याच मंदिरात छाती बडवत दया मागणारा, लोकांनी पापी मानलेला जकातदार.

आता प्रश्न येतो: स्वतःला विसरायचं ठरवून विसरता येतं का? येत नाही. जितकं ठरवू तितका ‘मी’ मोठा होतो. इथं ख्रिस्ती विचार नीतिशिक्षणाची वाट सोडून कृपेकडे वळतो, आणि हे वळण कळलं नाही तर बाकीचं सगळं ओझं होऊन बसतं. आपण स्वीकारले गेलोय का, ही शंका मनात जागी असते तोवर माणूस प्रत्येक डोळ्यात उत्तर शोधतो. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२० साली लिहिलं की ख्रिस्ती माणूस सगळ्यांवर स्वतंत्र प्रभू आहे, कुणाचा अंकित नाही. आणि तोच सगळ्यांचा सेवक आहे, प्रत्येकाचा अंकित आहे. पहिल्या वाक्याशिवाय दुसरं झेपत नाही. देवानं ख्रिस्तात आपल्याला आधीच, आपल्या कर्तबगारीकडे न बघता, आपलं म्हटलंय यावर ज्याचा विश्वास बसला, त्याला सत्कर्मांतून स्वतःची किंमत सिद्ध करायची उरत नाही. मग ती सत्कर्मं मोकळी होतात, ज्याला गरज आहे त्याच्या उपयोगी पडायला. पौल करिंथकरांना म्हणूनच इतक्या सहज सांगू शकतो की तुम्ही माझा न्याय केलात तरी मला त्याचं फारसं काही नाही. मी स्वतःही माझा न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. लोकांच्या आकड्यांतून सुटून स्वतःच्या आकड्यांत अडकणं, हेही त्यानं टाळलंय.

या शिकवणीचा गैरवापर होतो आणि तो गप्प बसण्यासारखा नाही. राबणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, ‘गुप्तपणे सेवा करा, देव बघतोय’ म्हणून गप्प केलं जातं, आणि श्रेय भलतेच घेतात. येशूनं असं कधीच केलं नाही. दोन तांब्याची नाणी टाकणाऱ्या विधवेकडे त्यानं शिष्यांना बोलावून बोट दाखवलं. आपल्या मस्तकावर सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीबद्दल तो म्हणाला, जगात जिथं जिथं सुवार्ता सांगितली जाईल तिथं हिनं जे केलं तेही सांगितलं जाईल. स्वतःच्या कामाबद्दल डावा हात अंधारात ठेवायचा, दुसऱ्याच्या कामाबद्दल मात्र हात आखडता घ्यायचा नाही. त्याहून भयंकर म्हणजे अत्याचार झाकण्यासाठी गुप्ततेचा आडोसा. ख्रिस्ती मंडळ्यांनी आणि धर्मसंस्थांनी हे पाप केलेलं आहे. सहाव्या अध्यायातली गुप्तता सत्कर्मांची आहे. दुष्कर्मांबद्दल येशूचं बोलणं स्पष्ट आहे: जे झाकलेलं आहे ते उघडकीस येईल.

पैशाच्या बाबतीतही असाच घोळ होतो. ‘आम्ही देवासमोर पारदर्शक आहोत’ असं म्हणून हिशेब न दाखवणारे असतात. पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता तेव्हा त्यानं सोबत इतरांनी निवडलेला माणूस घेतला, आणि कारणही लिहून ठेवलं: या मोठ्या रकमेवरून कुणी आम्हाला दोष लावू नये, केवळ प्रभूच्या नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनंही जे योग्य ते करायची आम्ही काळजी घेतो. कुठल्याही मंडळीला किंवा संस्थेला हे आजही जसंच्या तसं लागू करता येईल. जमा किती, खर्च किती, कुठल्या कामावर, शिल्लक किती, तपासलं कुणी, हे फलकावर सगळ्यांना दिसेल असं लावावं. देणाऱ्यांची नावं रकमेसह लावायची गरज नाही, आणि घेणाऱ्यांचे चेहरे तर त्यांच्या परवानगीशिवाय कुठंच जायला नकोत.